काठावरचं तिखटमीठ

आधी बसा. वैशाखातली संध्याकाळ आहे. शिरूरच्या एका गच्चीवर नुकतंच पाणी मारलंय आणि तापलेला कोबा ते पाणी डोळ्यांदेखत पिऊन टाकतोय. घोड नदीकडून वारा सुटायला अजून अर्धा तास तरी जाईल. खाली पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावच्या कंपन्यांच्या बसगाड्या माणसं घेऊन परततायत. हा आवाज थांबणार नाही. त्याला थांबवायला जाऊही नका, मागे चालू दे.

पुढ्यात एक ताटली आहे. सध्या फक्त तिच्याकडे बघा.

ताटलीत काय आहे ते तुम्हाला पाठ असेल. लिंबाच्या चार फोडी, कडेला मिठाची चिमूट. खारे शेंगदाणे, त्यांवर बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची आणि वरून भुरभुरलेलं लाल तिखट. तालुक्यातल्या कुठल्याही परमिट रूममध्ये हा चकणा येतो. शेजारी बाटली येते, ग्लास येतो. ग्लासातलं प्यायचं, ताटलीतलं खायचं. तोंडात दोन्ही एकच होतात, पण टेबलावर त्यांच्यात वीतभर अंतर असतं.

मेक्सिकोतल्या लोकांनी ते वीतभर अंतर काढून टाकलं. लिंबू, मीठ, तिखट, टोमॅटो उचलून सरळ ग्लासात घातलं, वर बिअर ओतली आणि त्याला मिचेलादा म्हणाले. चकणा ग्लासात गेला, एवढीच तिची कथा. पण ती वीत ओलांडताना काय काय होतं, ते आज सावकाश बघायचंय.

दोन गोष्टी सांगून मोकळा होतो. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षं पुरी व्हावी लागतात आणि खिशात परवाना लागतो. परमिट रूम हे नावच त्या परवान्यावरून पडलंय, १९४९च्या दारूबंदी कायद्याची ती आठवण. आणि गाडीची किल्ली घरात, फडताळात ठेवून या. प्यायची नसेल तर मात्र उठून जाऊ नका. बिअरच्या जागी साधा सोडा घेतला तरी पुढचं सगळं तसंच चालतं. आमच्या आत्याच्या गळ्यात माळ आहे, तीही बसली आहे इथं, सोड्याची बाटली घेऊन. पलीकडे मेव्हणा बसलाय. तो दौंडचा, रेल्वेतला. त्याचा या सगळ्यावर अजून विश्वास बसलेला नाही.

नावाकडे एकदा बघून घेऊ. मेक्सिकोत बिअरला लाडानं चेला म्हणतात. ‘मी चेला एलादा’, म्हणजे ‘माझी गार बिअर’, हे भरभर म्हणता म्हणता मिचेलादा झालं, अशी एक गोष्ट सांगतात. दुसरी गोष्ट सान लुइस पोतोसी या शहरातल्या एका क्लबाची आहे. मिशेल एस्पेर नावाचे सभासद तिथं बिअरमध्ये लिंबू, मीठ आणि बर्फ मागायचे, मग इतरही ‘मिशेलसारखी’ मागू लागले. मला पहिली गोष्ट आवडते, तिच्यात ‘माझी’ आहे म्हणून. गावागणिक नेमही बदलतो. नुसतं लिंबू-मीठ घातलेलीला कुठं चेलादा म्हणतात, तर राजधानीत तिलाच मिचेलादा म्हणतात आणि तिखट सॉस घातलेली मागायची तर ‘कुबाना’ म्हणावं लागतं. आपल्याकडे मिसळीचं जसं आहे तसंच. ज्याची त्याची खरी.

आता डोळे मिटा आणि पश्चिमेकडे तोंड करा. शिरूर साधारण १८.८ उत्तर अक्षांशावर आहे. त्या रेघेवरून निघालात, अरबी समुद्र, आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला लागलात, की जवळजवळ त्याच रेघेवर मेक्सिकोतलं क्वेर्नावाका येतं, १८.९ वर. मेक्सिको सिटी जराशी वर, १९.४ला. ते पठार आपल्यापेक्षा पुष्कळ उंच आहे, म्हणून तिथली हवा गार. पण ऊन डोक्यावर यायचा कोन तोच. बांधावरचं फड्या निवडुंग, ज्याची लाल बोंडं खाऊन लहानपणी जीभ रंगवली, ते मूळचं तिकडचं. तिकडे त्याच्या पानांचे काटे काढून भाजी करतात. घायपातही तिकडचंच. मेव्हणा म्हणतो, रुळांच्या कडेनं बघा, पाहिजे तेवढं आहे. बिअर येण्याआधी त्या मुलखाचं पेय होतं पुल्के, घायपाताच्या जातीतल्या झाडाचा आंबवलेला रस. आपण घायपाताचे दोर वळले.

डोळे उघडा. आता ग्लास.

रिकामा काचेचा ग्लास हातात घ्या, उंच आणि जाड बुडाचा. लिंबाची फोड त्याच्या काठावरून एकदाच फिरवा, बाहेरच्या अंगानं. काठ ओला झाला की बशीत पसरलेल्या तिखटमिठावर तो आडवा धरून फिरवा. सगळ्या ग्लासाला तिखट माखायचं नाहीये, बोटभर रुंदीचं एक कडं उठलं की पुरे. कड्याच्या आतलं मीठ बिअरमध्ये पडलं की मिठाच्या कणांवर बुडबुडे धरतात, फेस उसळतो आणि गच्ची पुसायला आत्याला उठावं लागतं. अनुभवाचे बोल आहेत.

तिखटमीठ. हा शब्द जिभेवर जरा घोळवा. शाळेच्या फाटकाबाहेरची हातगाडी आठवतेय? कैरीच्या फोडी, पेरू, बोरं, आवळे, आणि डब्यातलं ते लालसर मिश्रण, जे कागदाच्या पुडीत जरा जास्त टाक म्हणून आपण हट्ट धरायचो. मेक्सिकोतल्या शाळांबाहेरही आंब्याच्या आणि काकडीच्या फोडींवर तेच पडतं. १९८५ साली एका कंपनीनं त्यात वाळवलेल्या लिंबाची पूड घालून ते बाटलीत भरलं, ताहीन नावानं जगभर विकलं. आता शहरातल्या महागड्या दुकानांत ती बाटली मिळते. घेऊ नका. आपल्या डब्यातलं काढा.

पण कुठलं, ते बघून काढा. पहिल्या खेपेला मी हौसेनं कांदा-लसूण मसाला लावला. त्यात तेल असतं, खोबरं असतं. काठावर गोळे झाले आणि मेव्हण्यानं पहिला घोट घेऊन शांतपणे विचारलं, “दाजी, बिअर आहे का मटणाचा रस्सा?” तेव्हापासून कोरडं तिखट. रंगासाठी ब्याडगी, जाळासाठी चिमूटभर लवंगी. ब्याडगी दिसायला लालभडक आणि अंगानं सोशिक. लवंगीचं उलट. दोन वाटे तिखट, एक वाटा मीठ, आणि पादेलोण आवडत असेल तर नखभर. जिरं भाजून घातलं तरी चालतं, पण मग ते जलजिऱ्याकडे झुकतं. माझं मत विचाराल तर नको.

हा ग्लास आता समोर ठेवा. अजून ओतू नका. ते कडं बघा.

मिरची मेक्सिकोकडची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली. त्याआधी आपला जाळ होता मिरीचा, पिंपळीचा आणि सुंठीचा. नव्या पाहुणीला आपण मिरीवरून नाव दिलं आणि घरात घेतलं. आज मिरचीशिवायचा ठेचा कल्पनेतही येत नाही. लिंबानं उलटा प्रवास केला. आशियातलं हे फळ स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेलं आणि इतकं रुळलं, की लिंबू पिळल्याशिवाय तिकडे जेवण सुरू होत नाही. दौंडहून भीमा ओलांडली की श्रीगोंदा तालुका लागतो, लिंबाच्या बागांसाठी नाव असलेला. म्हणजे या कड्यातलं अर्धं नदीपलीकडून आलंय. उरलेलं अर्धं नंतर कधीतरी, खूप फिरून.

आणखी एक गोष्ट आहे, ती शिरूरकरांच्या जास्त जवळची. मिचेलादाच्या ग्लासात तिकडे बऱ्याचदा एक काडी खोचतात. तिच्याभोवती चिंचेचा गर, साखर आणि तिखट थापलेलं असतं. पीत जायचं, काडी चोखत जायची. चिंच मूळची आफ्रिकेतली, पण अरबांनी तिला आपल्याकडे पाहिलं आणि ‘तमर हिंदी’ म्हणजे हिंदुस्थानी खजूर म्हटलं. त्यावरून स्पॅनिश तामारिंदो. मिचेलादात तिकडे जो काळा ‘इंग्रजी सॉस’ घालतात, वूस्टरशायर परगण्यातला, त्यातही चिंच असते. आणि आपल्या तालुक्यात तर मोराची चिंचोली आहे. मोर बघायला पुण्याहून लोक येतात, पण गावाच्या नावात चिंच आहे. घोड धरण ज्या गावाला बांधलंय ते चिंचणी. त्याच्याही नावात चिंच. एवढं सगळं सांगून झाल्यावर आत्या म्हणाली, “ह्यात मेक्सिकोचं काय आहे रे? चिंचेच्या बुटकाला तिखटमीठ लावून आम्ही शाळेत न्यायचो. काडी तेवढी नव्हती.”

तिचं खरं आहे. मला उत्तर सुचलं नाही.

आता हात चालवू. तळाशी दोन कागदी लिंबांचा रस. चमचाभर चिंचेचा कोळ, पातळ केलेला आणि गाळलेला. पाव वाटी टोमॅटोचा रस. टोमॅटो किसणीवर किसा आणि गाळून घ्या, डब्यातला नको, तो गोड असतो. तिकडे टोमॅटोच्या रसात शिंपल्यांचा अर्क मिसळलेली बाटली वापरतात. तो हट्ट कोकणात धरावा, इथं नाही. चायनीजच्या गाडीवर असतो तो काळा सोया सॉस, चार थेंब. तिकडे याच कामाला मॅगी म्हणून एक काळं पाणी वापरतात. मेक्सिकोत मॅगी म्हटलं की शेवया आठवत नाहीत, ही बाटली आठवते. चिरडलेली अर्धी हिरवी मिरची, बिया काढून. मग बर्फ, ग्लास अर्धा भरेल इतका. हे सगळं हलवा आणि थांबा.

बाटली घ्या. सौम्य घ्या. बिअर शॉपीवर माणूस सवयीनं ‘स्ट्राँग दे’ म्हणतो, कारण कुठंतरी पोचायची घाई असते. आज कुठं पोचायचं नाहीये. ग्लास तिरका करा आणि बाटलीतली बिअर आतल्या काचेवरून ओघळू द्या. टोमॅटोची लाली आणि बिअरचा पिवळा रंग एकमेकांत शिरतात, मधेच विटकरी होतात, काही ठिकाणी वेगळे राहतात. पावसाळ्यात घोडचं पाणी असंच दिसतं, वरून गढूळ लोट आला की. बघून घ्या. दुसऱ्यांदा हलवलं की जाईल.

इथं एक विचार येतो, तो येऊ द्या. आपण पिताना बघत नाही. जेवताना बघतो, ताटात काय कुठं वाढायचं याचे नियम आपल्याकडे केवढे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, मिठाची जागासुद्धा ठरलेली. परमिट रूममध्ये मात्र दिवा मंद, खिडकीला पडदा, आणि बसलेल्या माणसाचं अर्धं लक्ष दाराकडे. ओळखीचं कुणी आत येतंय का? ग्लासाकडे लक्ष कुणाचंच नसतं. तो नुसता भरायचा आणि रिकामा करायचा. त्या अंधारात चवही बिचारी अंधारात राहते. मी तिथं पुष्कळ बसलोय आणि त्या बिअरची चव कशी होती हे आज मला सांगता येत नाही. शेंगदाण्यांची मात्र येते.

आता पहिला घोट. ओठ कड्यावर टेकवा, पण कडं चाटू नका. मीठ आणि तिखट घोटाबरोबर जेवढं येईल तेवढं येऊ दे. घोट तोंडात धरा. तीन श्वास. मग गिळा.

काय आलं आधी? बहुतेक मीठ. पाठोपाठ लिंबू, दोन्ही गालांच्या आतून. मग टोमॅटोचा आणि जवाच्या माल्टचा किंचित गोडवा. कडूपणा शोधा. बिअरला कडूपणा येतो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांनी. तो इथं आहे, पण दबलेला आहे. मीठ कडू चव मागे ढकलतं. ही गोष्ट आपल्या स्वयंपाकघराला आधीच ठाऊक आहे. कारल्याला मीठ लावून पिळतात, तेव्हा रसाबरोबर कडूपणा जातो आणि जो उरतो तोही मिठामुळे नरम लागतो. पाडव्याला कडुनिंबाची चटणी खातो, तिच्यातही गूळ, मीठ, चिंच असते. कडू असं एकटं कुणी पुढ्यात ठेवत नाही. परमिट रूममधला माणूस घोटानंतर मीठ लावलेली लिंबाची फोड चोखतो, तो हेच करत असतो, फक्त उशिरा.

भाषेतली एक गंमत या घोटाबरोबर चालून जाईल. आयुर्वेदाच्या सहा रसांत कटू म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. मराठीत कटूचा ‘कडू’ झाला आणि अर्थ बदलून बसला. तिखट हा शब्द मात्र धारेकडचा आहे, तीक्ष्ण या घराण्यातला. ज्याला बारीकसं कुजबुजलेलंही ऐकू येतं त्याचे कान तिखट असतात. मिरची ही चव नाही, टोक आहे, हे त्या शब्दाला माहीत होतं.

ते टोक आता येतंय. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला जिभेच्या शेंड्यावर, ओठांच्या कडांना. त्याला हाकलू नका. पाणी मागू नका.

जिभेवर नसांची टोकं असतात. गरम पदार्थ तोंडात गेला, साधारण ४३ अंशांच्या वर, की ती ‘भाजलं’ असा निरोप मेंदूला पाठवतात. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं त्याच जागी जाऊन बसतं आणि तोच निरोप पाठवायला लावतं. ती जागा १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं हुडकली, २०२१ला त्यांना त्या कामासाठी नोबेल मिळालं. म्हणजे या क्षणी तुमच्या तोंडात बर्फाइतकं गार काहीतरी आहे आणि मेंदू ‘आग लागली’ म्हणतोय. दोन्ही खऱ्या जागेवरून आलेले निरोप आहेत. या दोन निरोपांच्या मधे बसून बघा. फार वेळ नाही, दहा श्वास.

मद्यार्क त्या नसांना आणखी हळवं करतो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, आणि सौम्य बिअर म्हणजे बरंचसं पाणीच. म्हणून दुसरा घोट पहिल्याला विझवत नाही, वाढवतो. ठेच्यानंतर आपण दही घेतो, कारण दुधातलं प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतं. इथं दही नाही. इथं थांबण्याशिवाय इलाज नाही. साधी बिअर घटाघट जाते, ही जात नाही. पुढचा घोट घ्यायचा तर आधीचा ओसरावा लागतो. ६५० मिलीच्या बाटलीला एरवी मला वीस मिनिटं पुरतात. आज दिवस मावळला, नदीकडून वारा सुटला, सतरंजीचं टोक उडायला लागलं, तरी बाटलीत निम्मी आहे. राहिलेली तशीच राहिली तरी हरकत नाही. बिअर उरवणं हे आमच्या मित्रांत पाप समजलं जातं, पण मित्र आज इथं नाहीत.

कपाळावर घाम आलाय का? त्यावर वारा लागू द्या. मिरचीच्या मुलखांत भर उन्हाळ्यात लोक तिखट का खातात, यावर वाद घालण्यापेक्षा हा एक वारा कपाळावर घेऊन बघावा.

आता ताटलीकडे परत या. तिच्यात शेंगदाणे उरलेत, आणि कांदा. लिंबू गेलं, मीठ गेलं, तिखट गेलं, टोमॅटो गेला, सगळे वीतभर सरकून ग्लासात. शेंगदाणे मात्र गेले नाहीत आणि जाऊही नयेत. तेही मूळचे दक्षिण अमेरिकेतलेच. आत्या एकेक शेंगदाणा सोलून साल वाऱ्यावर सोडतेय. तिच्या ग्लासात सोडा लालसर झालाय आणि काठावर तिनं मीठ जरा जास्तच लावून घेतलंय.

पुढचे घोट तुमचे तुम्ही घ्या. एकच नेम पाळा. प्रत्येक घोट काठाच्या नव्या जागेवरून घ्यायचा, ग्लास थोडा थोडा फिरवत. जिथं ओठ टेकले तिथलं कडं पुसलं जातं. किती घोट झाले, किती राहिले, हे मग घड्याळाकडे किंवा बाटलीकडे न बघता कळतं.

खाली एक मालमोटार लांबलचक हॉर्न देत नगरकडे गेली. मेव्हण्यानं ग्लास उजेडाकडे धरला, फिरवला, आणि मोजल्यासारखं करून परत खाली ठेवला.

“दाजी,” तो म्हणाला, “अजून अर्ध्याच्या वर राहिलंय.”

तो काठाबद्दल बोलत होता.